‘खून’ या शब्दाची चौकशी

मार्च १९१६ मध्ये ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात नोएल पेम्बर्टन बिलिंग या नव्याने निवडून आलेल्या सभासदाने आरोप केला : फ्रान्समधील आपले वैमानिक लढाईत मरत नसून त्यांचा खून होत आहे. रोख होता फार्नबरो येथील सरकारी रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीवर आणि तिने आखलेल्या बी.ई. २ सी या विमानावर.

हे प्रकरण वाचायला घेतले तेव्हा विमानच सदोष असावे, अशी माझी समजूत होती. ती टिकली नाही. महायुद्धापूर्वी सैन्याला विमान हवे होते ते टेहळणीसाठी. वैमानिक खालचा मुलूख न्याहाळत असताना विमानाने आपला तोल आपणच सांभाळावा, ही अपेक्षा एडवर्ड बस्क या तरुण अभियंत्याने पुरी केली. नोव्हेंबर १९१४ मध्ये असेच विमान उडवताना हवेत आग लागून तो मरण पावला.

पण आपणहून स्थिर राहणारे विमान झटकन वळत नाही. शिवाय निरीक्षकाची जागा पुढे, खांब आणि तारांच्या गर्दीत. बंदूक फिरवायला वाव नव्हता. १९१५च्या उन्हाळ्यात जर्मनांचे फोकर आले. त्याची मशीनगन इंजिनाशी अशी जोडलेली होती, की गोळ्या प्रोपेलरच्या पात्यांना न लागता मधून जात. विमान शत्रूवर रोखले की बंदूकही रोखली जाई. जानेवारी १९१६ मध्ये टेहळणीच्या प्रत्येक विमानासोबत किमान तीन लढाऊ विमाने पाठवण्याचा हुकूम ब्रिटिशांना काढावा लागला.

बिलिंग स्वतः खासगी विमान कारखानदार होता, आणि सरकारी फॅक्टरीवर खासगी कारखानदारांचा राग जुनाच होता. न्यायमूर्ती बेलहॅश यांच्या समितीने खुनाचा आरोप फेटाळला. फॅक्टरीचे प्रमुख मर्विन ओगॉर्मन यांना मात्र त्याच वर्षी पद सोडावे लागले. याच फॅक्टरीने पुढे एस.ई. ५ हे नामांकित लढाऊ विमान दिले. कोलकात्याच्या इंद्रलाल रॉयने १९१८ मध्ये दहा हवाई विजय मिळवले ते त्याच्याच सुधारित रूपावर, एस.ई. ५ ए वर.

मग प्रश्न मिटला का? नाही. अरासच्या लढाईत, एप्रिल १९१७ मध्ये, ब्रिटिशांनी सुमारे २४५ विमाने गमावली, आणि बी.ई. मालिकेची विमाने तेव्हाही आघाडीवर होती. अनेक कारखान्यांत त्यांचे उत्पादन बसलेले होते, नवी विमाने पुरेशी येत नव्हती, आणि तोफखान्याला रोज वरून पाहणारे डोळे हवे होते. जुने विमान थांबवणे म्हणजे तोफा आंधळ्या करणे.

माझ्या मते घोळ त्या शब्दातच आहे. खून म्हटले की खुनी शोधावा लागतो. समितीने शोधला, तो नव्हताच. पण एके काळी योग्य ठरलेला निर्णय परिस्थिती पालटल्यावरही वेळेत का बदलला नाही, याचा जाब त्या शब्दात मावत नव्हता. बिलिंगच्या शब्दाने प्रश्न गाजला खरा, पण त्याच शब्दाने जबाबदार मंडळींची सुटकाही सोपी केली. त्या विमानांत बसणाऱ्या पोरांना मात्र दुसऱ्या दिवशीही उडावेच लागले.