कासच्या सड्यावरून ध्रुवाच्या रानात

सातारा जिल्हा केवढा आहे? साधारण साडेदहा हजार चौरस किलोमीटर. आता याच्या तिप्पट मोठं रान डोळ्यांसमोर आणा आणि त्यातले सगळे रस्ते पुसून टाका. एसटी नाही, पायवाट नाही, दिशा दाखवणारी एक पाटीसुद्धा नाही. असं रान खरंच आहे! अलास्कात, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला. १९८० साली झालेल्या या राष्ट्रीय उद्यानाचं नाव ‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’. चिमुकलं विमान तळ्यावर किंवा नदीकाठच्या गोट्यांवर उतरतं, सॅकसकट आपल्याला सोडतं आणि ठरलेल्या दिवशी न्यायला येतं. मधल्या दिवसांत काडेपेटी विसरली म्हणून दुकान शोधायची सोय नाही.

मग करायचा का उन्हाळ्यातल्या ट्रेकचा बेत? सातारकरांनो, तुमची अर्धी तयारी आधीच झालेली आहे, कारण तुम्ही कास पठार पाहिलंय.

कासच्या सड्यावर मातीचा थर अगदी पातळ. खाली कठीण जांभा. पावसाचं पाणी खाली मुरत नाही, ते जागोजागी साचून राहतं. मोठ्या झाडांना मुळं खोल न्यायला जागाच नाही, म्हणून बुटकी रोपं वाढतात आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत फुलून, बी टाकून मोकळी होतात. आर्क्टिकच्या टुंड्रातही असंच घडतं. तिथे जांभ्याऐवजी खाली बाराही महिने गोठलेली जमीन असते. उन्हाळ्यात वरचा थोडासा थर वितळतो, पण पाणी मुरणार कुठे? म्हणून थंडगार, चिखलाळ दलदल. त्यात गवताचे डुगडुगणारे गड्डे. गड्ड्यावर पाय दिला तर तो कलंडतो, शेजारी दिला तर पाय चिखलात. म्हणून आपल्याकडे दिवसात वीस किलोमीटर सहज चालणाऱ्यानेही तिथे आठ-दहाचाच हिशेब धरावा.

आणखी एक गंमत बघा. कासला गुडघ्यांवर बसून ओल्या गवतात नीट पाहिलंत, तर दवबिंदू नावाचं इवलंसं रोप दिसेल. पानांवर तांबूस केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा थेंब. ते दव नाही, डिंकासारखा चिकट रस आहे! चिलट बसलं की अडकलं. मग पान हळूहळू त्याचा रस शोषून घेतं. असं का? अशा मातीत नायट्रोजन फार कमी, म्हणून रोप तो किड्यांकडून मिळवतं. अलास्काच्या दलदलीतही दवबिंदूची भावंडं हाच उद्योग करतात. तिथे डासांचे ढगच्या ढग असतात, त्यामुळे त्यांची चंगळ! आपण मात्र डोक्यावर जाळी घ्यायची.

आता सॅक भरू. सुती कपडे घरीच ठेवा. ओलं सूत लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरते. खाणं माणशी दिवसाला पाऊण किलोच्या आसपास, तेही कोरडं. शेंगदाण्याचे लाडू उत्तम, कारण एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तुपातेलातून ९. वजन तेवढंच, ताकद दुपटीहून जास्त. लाडवांचा वास अस्वलालाही आवडतो, तेव्हा ते त्याला उघडता न येणाऱ्या भक्कम डब्यात भरायचे. चूल तंबूपासून शंभरेक पावलं लांब. चालताना मोठ्याने बोला, गाणी म्हणा. अचानक समोर आलेल्या माणसाने अस्वल बिथरतं.

नद्यांवर पूल नाहीत, त्या चालत ओलांडायच्या. पाऊस पडला की गोठलेली जमीन पाणी पीत नाही, सगळं थेट नदीत येतं आणि पाणी झपाट्याने चढतं. अशा वेळी काठावर तंबू ठोकून ते ओसरायची वाट बघायची. म्हणूनच बेतात दोन-तीन दिवस आणि तेवढं खाणं जास्तीचं धरतात. मला विचाराल तर या बेतातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच.

आणि टॉर्च? जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही. झोपायला डोळ्यांवर पट्टी लागते, आणि ध्रुवतारा दिसतच नाही! तो तिथे असतो मात्र खूप उंच. आपण विषुववृत्तापासून जितके अंश उत्तरेला, तितकेच अंश ध्रुवतारा क्षितिजाच्या वर. आज रात्री साताऱ्यात किंवा सांगलीत उत्तरेला हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. ध्रुवतारा दोन मुठींच्या जरा खालीच सापडेल. आर्क्टिक वृत्तावर तो जवळजवळ सात मुठी उंच असतो.

शेवटी चालायचा नियम. टुंड्रात एकामागे एक न जाता पांगून चालतात, म्हणजे पायवाट पडत नाही आणि रोपं पुन्हा उभी राहतात. तिथे माणसंच थोडी, म्हणून हे चालतं. कासला फुलांच्या दिवसांत हजारो पावलं येतात, तेव्हा तिथे उलट करा: आखलेली वाट सोडू नका आणि फोटोसाठी फुलांत बसू नका.