पाहुणा घरचा होतो तेव्हा : कॅम्पस मिनिस्ट्रीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘कॅम्पस मिनिस्ट्री’, म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधली ख्रिस्ती मंडळीची सेवा, म्हटले की नाशिकमध्ये साधारण दोन प्रश्न ऐकू येतात. बाहेरचा माणूस विचारतो, ‘म्हणजे धर्मांतर का?’ मंडळीतला माणूस विचारतो, ‘म्हणजे गिटार घेऊन तरुण संघ का?’ दोघांचाही समज चुकीचा आहे आणि दोन्ही समजांमुळे नुकसान होते ते पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या विद्यार्थ्याचे.

गैरसमज : ही सेवा धर्मांतरासाठीच असते.

मार्टिन ल्यूथरच्या विचारावर उभ्या असलेल्या लुथरन परंपरेत ही सेवा सुरू झाली ती आपल्याच मुलामुलींच्या काळजीपोटी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या जर्मन आणि स्कँडिनेव्हियन वंशाच्या कुटुंबांतली मुले सरकारी विद्यापीठांत शिकायला जाऊ लागली. घर सुटले, ओळखीची मंडळी सुटली. १९०७ मध्ये मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लुथरन विद्यार्थ्यांसाठी हॉवर्ड गोल्ड या पाळकांची नेमणूक झाली. १९२२ मध्ये लुथरन विद्यार्थ्यांनी स्वतःची देशव्यापी संघटना उभारली. घर सुटलेल्या मुलांचा हा प्रश्न नाशिकला समजावून सांगावा लागत नाही. सुरगाणा, पेठ, कळवण, नवापूरकडून मुले इथे शिकायला येतात, खोली भाड्याने घेतात, मेस लावतात, आणि पहिल्या सत्रात त्यांना नावाने हाक मारणारे फारसे कुणी नसते.

कायद्याची चौकटही स्पष्ट आहे. राज्यघटनेचे कलम २५ धर्माच्या आचरणाचे आणि प्रसाराचे स्वातंत्र्य देते. मात्र प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले. कलम २८ नुसार, पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते संमतीशिवाय कुणावर लादता येत नाही. म्हणून हे काम वर्गाबाहेर आणि मोकळ्या संमतीनेच व्हायला हवे. माझ्या मते कायद्याच्याही आधीची कसोटी वेगळी आहे. एखाद्या मुलीची फी भरण्यात मदत केली आणि रविवारी ती उपासनेला आली नाही म्हणून कुणाचा चेहरा पडला, तर त्या मदतीला अट होती. तोंडाने न सांगितलेली अटसुद्धा मुलांना बरोबर कळते.

अट न घालता जागा देण्याच्या बाबतीत मराठी ख्रिस्ती समाजाला दूर पाहायला नको. नारायण वामन टिळक लहानपणी घर सोडून नाशिकला आले आणि इथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे शिकले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेर जवळचेच, जलालपूरचे. टिळक लुथरन नव्हते. त्यांचे काम अमेरिकन मराठी मिशनबरोबर झाले. पण १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. शंभर वर्षांपूर्वी हे धाडस होते. विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक पाळकाने तो प्रयोग अभ्यासावा असे मला मनापासून वाटते.

गैरसमज : लुथरन म्हणजे परदेशी पंथ, नाशिकशी त्याचा संबंध काय?

झीगेनबाल्ग आणि प्ल्युट्शाउ हे दोन लुथरन मिशनरी ९ जुलै १७०६ रोजी तरंगंबाडीला उतरले. पुढे १८४२ मध्ये गुंटूरला आणि १८४५ मध्ये रांचीला लुथरन काम सुरू झाले. मराठी मुलखात मात्र या पंथाचे मोठे जाळे कधीच नव्हते. इथे प्रोटेस्टंट काम प्रामुख्याने अँग्लिकन, स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनांनी केले. नाशिक हे तर चर्च मिशनरी सोसायटीचे जुने ठाणे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्या एकत्रीकरणात लुथरन सामील झाले नाहीत. म्हणजे छोटानागपूर किंवा आंध्रातला लुथरन विद्यार्थी नाशिकला आला, तर त्याला सहसा दुसऱ्या परंपरेच्याच मंडळीचे दार ठोठवावे लागते. यात कमीपणा काहीच नाही. अमेरिकेतल्या मोठ्या लुथरन चर्चचा तिथल्या एपिस्कोपल चर्चशी २००१ पासून पूर्ण सहभागितेचा करार आहे आणि कित्येक विद्यापीठांत दोघे मिळून एकच विद्यार्थी-सेवा चालवतात. नाशिकमध्येही वेगळी पाटी लावण्यापेक्षा असलेल्या मंडळीबरोबर काम करणे शहाणपणाचे ठरेल.

मग लुथरन परंपरेचे स्वतःचे देणे कोणते? माझ्या दृष्टीने कृपेची शिकवण. माणूस देवाला मान्य होतो तो कर्तबगारीच्या जोरावर नाही, हा ल्यूथरच्या विचाराचा गाभा. नीटमध्ये गुण कमी पडलेला मुलगा, स्पर्धा परीक्षेच्या तयारीत चार वर्षे घालवून गावी तोंड दाखवायला लाजणारी मुलगी, यांना हे कुणीतरी समोर बसून सांगायला हवे आणि तसे वागूनही दाखवायला हवे. निकालाच्या दिवशी फक्त पास झालेल्यांचे अभिनंदन करणारी मंडळी व्यासपीठावरून कृपेवर कितीही बोलली, तरी मुलांपर्यंत ते पोहोचत नाही.

इथेच आणखी एक समज खोडून काढायला हवा : प्रार्थना केली की नैराश्य जाते. प्रार्थनेने आधार मिळतो, पण आजारावर उपचार लागतात. झोप उडालेल्या, जेवण सुटलेल्या मुलाला डॉक्टरांकडे घेऊन जाणे हे पाळकीय कामच आहे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक सभागृहाच्या फलकावर असलाच पाहिजे.

गैरसमज : श्रद्धा म्हटली की प्रश्न विचारायचे नाहीत.

लुथरन चळवळ जन्मली तीच विटेनबर्गच्या विद्यापीठात. ल्यूथर तिथे प्राध्यापक होता. १५२३ मधली एक घटना मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते. इंगोलश्टाटच्या विद्यापीठाने आर्साकियुस झेहोफर या तरुणाला लुथरन विचार बाळगल्याबद्दल सक्तीने माघार घ्यायला लावली. तेव्हा आर्गुला फॉन ग्रुम्बाख या बाईने विद्यापीठाला पत्र लिहून जाहीर चर्चेचे आव्हान दिले. मला लॅटिन येत नाही, तेव्हा चर्चा जर्मनमध्ये व्हावी, हेही तिने सांगून टाकले. तिच्या पत्राच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. विद्यार्थ्याच्या बाजूने उभे राहणे, प्रश्नाला घाबरून न जाणे आणि बोलणे लोकांच्या भाषेत आणणे, या तिन्ही गोष्टी त्या पत्रात आहेत. उत्क्रांती, आंबेडकरांची धर्मचिकित्सा, आंतरधर्मीय विवाह हे विषय नाशिकच्या बायबल अभ्यासात निघणारच. ‘यावर नंतर बोलू’ म्हटले की मुले पुन्हा विचारत नाहीत, आणि हळूहळू यायचीही थांबतात. इंग्रजीत गाणी असली म्हणजे सभा तरुणांची होते, हाही भ्रमच. पेठहून आलेली मुलगी मराठीतच प्रार्थना करते. घरी ती कदाचित कोकणीच्या किंवा डांगीच्या जवळची बोली बोलत असेल. तिला तिच्या भाषेत बोलू द्यावे.

स्वागताच्या बाकीच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. नव्या मुलाला सगळ्यांसमोर उभे करून ओळख द्यायला लावू नये. आडनाव विचारून जात हुडकू नये. ख्रिस्ती घरांतही ही खोड आहे आणि ती मोडलीच पाहिजे. सभा दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी व्हावी. मुलींच्या वसतिगृहाचे दार संध्याकाळी लवकर बंद होते, त्यामुळे साडेसातला सुरू होणारी सभा मुलींसाठी नसतेच.

मंडळीतल्या जाणत्यांनी एक माहिती नेमकी ठेवावी, कारण तिच्याअभावी शिष्यवृत्ती हुकू शकते. ख्रिस्ती झाल्यावर प्रत्येकाच्या सवलती जातात असे सर्रास सांगितले जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांच्यापुरता आहे. दलित ख्रिस्ती त्यातून वगळले गेले, आणि तो अन्याय आजही चालू आहे असे मी मानतो. अनुसूचित जमातींच्या बाबतीत मात्र धर्माची अशी अट नाही. आदिवासी मुलामुलींचे फॉर्म भरून घ्यायला शनिवारी दोन तास बसणारा माणूस हा या सेवेचा कणा असतो.

गैरसमज : सभेला किती जण आले, त्यावर काम मोजायचे.

शरणपूर रोडवरून रोज हजारो विद्यार्थी ये-जा करतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे मिशनची वसाहत आणि शाळा होती. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे राहिली, शिकली, हातकाम शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. १ मे १८७३ च्या सुमारास डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा दफनविधीचे पाठ वेनराइटने वाचले, झाडावर नाव-तारीख त्याने कोरली, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. त्या प्रवासाची रोजनिशीही त्याने लिहिली. या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शरणपूरच्या मुलांनी काय शिकावे, कुठे जावे, हे बहुतेक वेळा मिशनच ठरवत असे. पुढे यांपैकी अनेकांना मोंबासाजवळच्या फ्रीरटाउनला नेण्यात आले. आसरा मिळाला, पण निर्णयाचा हक्क क्वचितच. तरीही तिथल्या शाळेत आसऱ्याला आलेला मुलगा पुढे प्रार्थनेचे पुस्तक हाती घेऊन स्वतः विधी चालवतो, हे त्या शाळेचे खरे फळ मी मानतो.

म्हणून आजच्या सेवेला मी डोकी मोजण्याऐवजी वेगळे प्रश्न विचारेन. दुसऱ्या वर्षाची मुले पाठ वाचतात का, हिशेब त्यांच्या हाती आहे का, मंडळीच्या समितीत त्यांचे मत धरले जाते का? पदवीची मुले तीन वर्षांत निघून जातात, तेव्हा पहिल्या वर्षीच त्यांच्यावर जबाबदारी सोपवावी लागते. आणि पुण्या-मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्याची, त्याची संमती घेऊन, तिथल्या पाळकांशी ओळख कुणी करून देते का? जूनमध्ये नवे प्रवेश सुरू होण्याआधी, एप्रिल-मेमध्येच, ही ओळख करून देणारे फोन झालेले असावेत.