मेडिकल दुकानातला वजनकाटा आणि बायकांची हाडे

शहागंज, सिटी चौक, रोशनगेट या भागांत मेडिकल दुकान चालविणाऱ्या बांधवांसाठी हा विषय आम्ही घेतला आहे. कंबरदुखीची तक्रार घेऊन आलेल्या पन्नाशीपुढच्या बाईला दुखण्याची गोळी व सोबत कॅल्शियम द्यायचे, हा रिवाज सगळीकडे आहे. विक्री होते, पण तिची हाडे ठिसूळ झाली आहेत काय, हे कोणी पाहत नाही.

पाळी बंद झाल्यावर शरीरातील इस्ट्रोजेन घटते आणि हाडांची झीज वाढते. ही झीज दुखत नाही. मोरीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडते तेव्हा कळते. मग ऑपरेशन, अंथरूण, आणि घरी शिलाई किंवा जरीकाम करणारी असेल तर कमाईही बंद.

आशियाई स्त्रियांसाठी २००१ साली 'ओस्टा' नावाचा एक सोपा हिशेब मांडला गेला. किलोतील वजनातून वय वजा करा. उत्तर उणे ५ किंवा त्याखाली आले तर तपासणी हवी. उणे २० च्या खाली गेले तर धोका मोठा. वय ५८, वजन ४८ म्हणजे उणे १०. अशा बाईला घाटीत किंवा आपल्या डॉक्टरकडे पाठवावे. शिवाय दोन प्रश्न विचारावेत : साध्या पडण्याने पूर्वी हाड मोडले होते काय? दम्यासाठी वा संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने चालू आहेत काय? उत्तर 'हो' असेल तर वजाबाकी काहीही येवो, पाठवावेच.

हे निदान नव्हे. निदान डेक्सा तपासणीने डॉक्टर करतात. शिबिरात टाचेला लावतात ते यंत्रही अंदाजच देते.

औषध सुरू झाल्यावर दुकानदाराचे खरे काम असते. आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेट गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. साठ हजार युनिटचे ड जीवनसत्त्व बहुधा आठवड्याला एकदाच असते. रोज घेतले तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतते.

२०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी असा सल्ला देणे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या कामात धरले आहे. मात्र परवान्यावर नाव एकाचे आणि काउंटरवर दुसराच, असे असेल तर यातले काही साधणार नाही. वय-वजन सांगायला बायका संकोचतात. आपल्या शहरात रौजाबागेतच फार्मसी कॉलेज आहे. तिथून शिकलेली एखादी मुलगी संध्याकाळी दुकानावर नेमावी.