जास्त बोंबील कुठल्या रांगेत?

संध्याकाळच्या लोकल रिकाम्या व्हायला लागल्या की नायगाव स्टेशनाबाहेर मासळीचे वाटे लागतात. परवा एका मावशींच्या पाटीशी त्यांची चार वर्षांची नात बसली होती. मावशींची परवानगी घेऊन मी पाच-पाच बोंबलांच्या दोन रांगा समोरासमोर लावल्या. सारखे आहेत का? ‘‘सारखे.’’ मग तिच्या डोळ्यांदेखत एक रांग जरा पसरली. आता जास्त कुठे? तिने लांब रांगेवर बोट ठेवलं. पाचपर्यंत मोजता येत असूनही!

ही युक्ती स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांची. सहा-सात वर्षांपर्यंत मूल डोळ्यांना दिसेल त्यालाच भुलतं, मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे त्याला उमगत नाही, असं त्यांचं म्हणणं. मेंदूही त्याला थोडी साक्ष देतो. सहाव्या वर्षी तो आकाराने जवळपास मोठ्यांएवढा होतो. पण मनात पहिल्यांदा आलेल्या उत्तराला आवर घालणारा, कपाळामागचा भाग पुरता पिकायला विशी उलटावी लागते.

तरी गोष्ट इतकी सरळ नाही. १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी रांग विस्कटण्याचं काम खेळण्यातल्या एका खोडकर अस्वलावर सोपवलं. प्रश्न तोच, पण आता बरोबर उत्तर देणारी मुलं कितीतरी वाढली. मोठं माणूस मुद्दाम रांग हलवून तेच पुन्हा विचारतंय, म्हणजे उत्तर बदलायला हवं, असा मुलांचा हिशेब असावा. मला तरी हा हिशेब पियाजेंच्या स्पष्टीकरणाहून हुशार वाटतो.

हाताखालून काय जातं, यानेही फरक पडतो. मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांना गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हे इतर मुलांपेक्षा चांगलं कळत होतं. हा अभ्यास १९६९चा. हाताशी असेल त्यातून शिकणं आपल्याकडेही होतं: आपल्याच पालघर जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. मोजायला मणी नव्हते; खडे, बिया, शिंपले होते.

मी उठेपर्यंत नातीने दोन्ही रांगा एकत्र करून ढीग केला होता. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मावशींनी ढीग मोडला आणि दहा बोंबील फळीभर ऐसपैस पसरले.