ढग गरजले की तुमचा कुत्रा थरथरतो?

दिवसभर अंगणात रुबाबात फिरणारा, फाटक वाजले की भुंकून गल्ली डोक्यावर घेणारा कुत्रा आकाशात ढग जमताच पलंगाखाली शिरतो आणि शेपूट पायांत घालून कापू लागतो, तेव्हा घरातील मुलांना हसू येते, मोठ्यांना राग येतो. ‘एवढा मोठा झालास आणि ढगाला घाबरतोस?’ असे म्हणत त्याला पट्ट्याला धरून बाहेर ओढले जाते. पण ही चेष्टेची गोष्ट नाही. भीतीच्या भरात कुत्री दार ओरबाडून नखे रक्तबंबाळ करून घेतात, गच्चीवरून उडी मारतात, समजूत घालायला गेलेल्या लहान मुलाला चावतातही. आणि अशी कुत्री काही अपवादात्मक नसतात. फिनलंडमध्ये सुमारे १३,७०० पाळीव कुत्र्यांची पाहणी झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत जवळजवळ एकतृतीयांश कुत्री मोठ्या आवाजाला घाबरणारी आढळली.

महाराष्ट्रात एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येतो, तशी उत्तर प्रदेशात या दिवसांत आंधी येते. आधी आकाश पिवळट-तांबूस होते, मग धुळीचा लोट, दारे-खिडक्यांची आदळआपट आणि मागोमाग विजांचा कडकडाट. लखनौच्या अलीगंज भागात राहणाऱ्यांना हे सारे पाठ आहे. गच्चीवरचे पत्रे थडथडतात, लोखंडी फाटके आपटतात आणि बहुतेक वेळा वीजही जाते. वीज गेली की खिडकीतला कूलर बंद. एरवी त्याच्या घरघरीत बाहेरचे आवाज बुडून जातात. नेमका गरजेच्या वेळी हा आडोसाही जातो.

माझी थोरली बहीण भावोजींच्या बदलीमुळे काही वर्षे अलीगंजमध्ये राहत होती. त्यांची राणी ही देशी कुत्री, चार वर्षांची, अंगाने दणकट. भावोजींचे मत असे, की लाड केले तर ती आणखी भित्री होईल. म्हणून आंधीच्या वेळी तिला मुद्दाम व्हरांड्यात बांधून ठेवले जाई. ज्येष्ठातल्या ‘बडा मंगल’च्या आदल्या संध्याकाळी अशीच आंधी आली. राणीने मान मागे ओढून पट्ट्यातून सोडवून घेतली आणि फाटकावरून उडी मारून ती नाहीशी झाली. ताई आणि मुले रात्री बारापर्यंत सेक्टरच्या गल्ल्या पालथ्या घालत होती. धाकटा भाचा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराकडे जाणाऱ्या भाविकांची रीघ लागली, जागोजागी भंडारे सुरू झाले, आणि पुरनिया चौकाजवळच्या एका मांडवात पुऱ्यांच्या टेबलाखाली दडून बसलेली राणी सापडली. पायाला जखम होती, पण जीव वाचला. त्यानंतर तिला व्हरांड्यात बांधणे बंद झाले.

भीती लाडाने वाढते का?

भावोजींसारखे मत पुष्कळांचे असते. परंतु भीती ही काही खोडी किंवा हट्ट नव्हे, की चुचकारले म्हणजे तिला बक्षीस मिळाले. वीज कडाडताना मूल आईला बिलगले, तर आईने जवळ घेतल्यामुळे त्याची भीती वाढत नाही. कुत्र्याचेही तसेच आहे. तो जवळ आला तर येऊ द्या, शांतपणे हात फिरवा. मात्र तुम्ही स्वतः घाबरून आरडाओरडा करू नका आणि तो कोपऱ्यात बसला असेल तर ओढून मांडीवर घेऊ नका. मारणे, ओरडणे तर अजिबात नको. त्यामुळे ढगांच्या भीतीत तुमचीही भर पडते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वादळाला घाबरणाऱ्या कुत्र्यांना त्यांच्याच घरी वादळाचे ध्वनिमुद्रण ऐकवले गेले आणि लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी मोजली गेली. ती २०० टक्क्यांहून अधिक वाढली आणि ४० मिनिटांनंतरही पूर्ववत झाली नाही. म्हणजे पाऊस थांबला, आपण भजी तळायला घेतली, तरी पलंगाखालच्या जिवाचे वादळ अजून सुरूच असते. घरात दुसरे कुत्रे असेल तर ताण लवकर उतरतो, असेही या अभ्यासात दिसले. पण केवळ एवढ्यासाठी दुसरे कुत्रे आणण्याचा सल्ला कोणी देणार नाही.

कुत्र्याला हे सारे आपल्या आधी कसे कळते? माणसाला फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचे. शिवाय हवेचा बदलता दाब, वास आणि विजेचा लखलखाट यांचीही त्याला चाहूल लागत असावी, असे तज्ज्ञांना वाटते. म्हणूनच पहिला गडगडाट होण्यापूर्वीच तो येरझारा घालतो, धापा टाकतो, त्याची लाळ गळू लागते.

आधीची तयारी

तयारी वादळाच्या आधीच हवी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरातील विजांची सूचना देते. ते मुळात माणसांचे प्राण वाचवण्यासाठी आहे, पण कुत्रा पाळणाऱ्यांनाही उपयोगी पडते. सूचना मिळताच कुत्र्याला फिरवून, शी-शू उरकून घरात घ्या. फाटक, गच्चीचे दार आणि बाल्कनी बंद करा. झाडाखाली, लोखंडी खांबाला किंवा उघड्या गच्चीवर बांधलेल्या कुत्र्याला भीतीपेक्षा खऱ्या विजेचाच धोका अधिक असतो.

घराच्या आतल्या बाजूची, खिडकी नसलेली जागा त्याच्यासाठी ठरवा. पुष्कळ कुत्री आपणहून न्हाणीघरात जाऊन बसतात. तिथेच तुमची जुनी चादर अंथरा, पाण्याचे भांडे ठेवा आणि दार मात्र उघडे असू द्या. कोंडल्यामुळे घबराट वाढते. पडदे ओढून दिवा लावा, म्हणजे विजेचा लखलखाट जाणवत नाही. पंखा, टीव्ही, रेडिओ सुरू ठेवा. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा रेडिओ हवाच.

गडगडाट झाला की लगेच आवडीचा खाऊ द्या. पनीरचा तुकडा, उकडलेल्या चिकनचा घास, नाहीतर आवडते खेळणे. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांकडे स्वित्झर्लंडमध्ये चौकशी करण्यात आली, तेव्हा हा उपाय करणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांनी गुण आल्याचे सांगितले. मात्र कुत्रा खाऊकडे ढुंकूनही पाहत नसेल, तर भीती फार वाढली आहे असे समजा.

अंगाला घट्ट बसणारे खास जाकीट बाजारात मिळते. काही कुत्र्यांना त्याने बरे वाटते, परंतु खात्रीचा पुरावा नाही, आणि ४० अंशांच्या उकाड्यात असे काही गुंडाळल्यास कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो. माझ्या मते उत्तरेत उन्हाळ्यात तरी त्यावर पैसे घालवू नयेत.

आवाजाची सवय लावायची असेल तर हिवाळा निवडा. ढगांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण अगदी हळू, कुत्रा निवांत जेवत असताना लावा आणि काही आठवड्यांत आवाज थोडा थोडा वाढवत न्या. तो कान मागे पाडून थांबला, की समजा घाई झाली. पुन्हा आवाज कमी करा. हवेचा दाब किंवा लखलखाट काही टेपमध्ये येत नाही, म्हणून या उपायाला मर्यादा आहेतच.

डॉक्टरकडे केव्हा?

कुत्रा स्वतःला इजा करून घेत असेल किंवा तासन् तास सावरत नसेल, तर पशुवैद्याला दाखवायला संकोच करू नका. वादळाच्या दिवसापुरती देण्याची चांगली औषधे आता आहेत. पण घरातल्या आजोबांची झोपेची गोळी अर्धी करून देण्याचा उद्योग मुळीच नको. एसप्रोमाझिनसारखे औषध एकटेच दिले तर कुत्रा नुसता निपचित पडतो, आतली भीती तशीच राहते, हेही डॉक्टरांशी बोलताना लक्षात ठेवा.

आणि आयुष्यभर न घाबरलेला म्हातारा कुत्रा अचानक ढगांना घाबरू लागला, तर त्याचे सांधे तपासून घ्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्या कुत्र्यांना हाडे-सांध्यांचे दुखणे होते, त्यांची आवाजाची भीती उतारवयात सुरू झालेली दिसली. आवाजाने दचकताना दुखरे अंग आखडते, दुखते, आणि मग आवाजाचीच धास्ती बसते. अशा वेळी दुखण्यावर उपचार केला तर भीतीही कमी होऊ शकते.

गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर आजच लिहून ठेवा.