सुरईच्या गळ्यातील बिल्ला

सिकंदराबादची छावणी १८०६ साली वसली आणि इंग्रज अंमलदारांच्या मेजवान्या हैदराबादच्या वेशीशी आल्या. त्यांच्या मेजांवर मद्य काचेच्या सुरईतून फिरे. आत शेरी की मदीरा, हे कळावे म्हणून सुरईच्या गळ्यात नाव कोरलेला चांदीचा बिल्ला साखळीने अडकवीत. इंग्लंडात ही चाल १७३० च्या सुमारास पडली. हिंदुस्थानात तर वाघनखे चांदीत मढवूनही असे बिल्ले केले गेले.

श्रोतेहो, बिल्ला हाती येताच उलटा करावा. चालता सिंह म्हणजे हजारी ९२५ कसाची चांदी, बिबळ्याचे मुख लंडनचे, सुटे अक्षर वर्षाचे. या चिमुकल्या जिनसांवर पूर्ण ठशांची सक्ती १७९० च्या कायद्याने आली. म्हणून त्याआधीच्या बिल्ल्यावर नुसता कारागिराचा ठसा दिसला तरी तो खोटा ठरत नाही. खरी लबाडी पुढच्या बाजूस असते. शेरी घासून दुर्मिळ नाव कोरतात. तेथे पत्रा बोटाला पातळ लागतो.

१८६० नंतर कागदी चिठ्ठीच्या बाटल्यांचा प्रसार झाला, आणि बिल्ले पेटीत पडले. सराफ त्यांना वजनाने घेतो व मुशीत टाकतो. तेव्हा तराजूपूर्वी भिंग लावावे. राखेने मात्र घासू नये, अक्षरांत भरलेले काळे मेण निघून जाते.