फळी आणि खांब

वऱ्हाडात बर्फ बघायचा तर गोळेवाल्याच्या गाडीवर. चिखलदऱ्याला एखाद्या जानेवारीत दवबिंदू गोठले तर पेपरात फोटो छापून येतो. तरीही बर्फावरचा एक खेळ आणि त्याभोवती उभी राहिलेली कंपनी, ही हकिकत वाचताना मला अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळच आठवत राहिलं.

खेळ स्नोबोर्डिंगचा. १९६५च्या नाताळात मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून फळी बनवली. ‘स्नर्फर’ नावानं ती खेळणं म्हणून विकली गेली. तसलीच एक फळी जेक बर्टन कार्पेंटरला पोरवयात मिळाली होती. १९७७मध्ये त्यानं व्हर्माँटमध्ये स्वतःचा कारखाना काढला. पहिल्या हंगामात सुमारे ३०० फळ्या खपल्या. स्कीच्या डोंगरांवर या फळीला मज्जाव होता. डोंगर उघडल्याशिवाय माल विकणार कसा? म्हणून तो रिसॉर्टवाल्यांच्या दारी खेटे घालत राहिला. पुढे १९९८मध्ये नागानोला हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला.

अमरावतीची गोष्ट याच्या कितीतरी आधीची. १९१४मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी आखाडा सुरू केला. अमरावतीकर आजही त्याला ‘हव्याप्र मंडळ’ म्हणतात. खेळ सगळे आपलेच: कुस्ती, लाठी, लेझीम, खो-खो, हुतूतू आणि मल्लखांब.

आता बर्टनचा हिशेब इथे लावून बघा. मल्लखांब म्हणजे शिसवी किंवा सागवानी खांब, खाली जाड, वर निमुळता, मान आणि माथ्याला बोंड. एरंडेल चोळायचं आणि अढी मारायची. एकदा पुरलेला खांब पोरांच्या दोन पिढ्या अंगावर खेळवतो. दर हिवाळ्याला नवं मॉडेल काढायची सोय नाही. हुतूतूला तर दमाशिवाय काहीच लागत नाही. विकायचं काय?

मंडळानं शिकवणारी माणसं घडवली. शाळांना सुट्या लागल्या की उन्हाळी वर्ग भरायचे, मास्तर शिकून गावी परतायचे आणि शाळेच्या पटांगणात खो-खोची पाटी आखायचे. अकोल्याच्या शाळेत गेलेला एकेक पी.टी. मास्तर म्हणजे मंडळाची शाखाच, फक्त भाडं नाही आणि पाटीही नाही. १९६७मध्ये पदवी महाविद्यालय आलं, तेव्हा या कामाला विद्यापीठाचा शिक्का मिळाला इतकंच, असं मला वाटतं.

१९३६ साल मात्र थांबून बघण्यासारखं. त्या वर्षी दोन्ही ऑलिंपिक जर्मनीत झाली. फेब्रुवारीत बर्फावरची, गार्मिश-पार्टेनकिर्खेनला, ऑगस्टमध्ये बर्लिनला. बर्लिनच्या वेळी मंडळाचा चमू तिथे पोहोचला आणि त्यानं कबड्डी, खो-खो, मल्लखांब करून दाखवले. एरंडेलाच्या वासाचा तो खांब जर्मनांना काय वाटला असेल, याचं मला फार कुतूहल आहे. वऱ्हाडातल्या एका आखाड्यानं, स्वतंत्र देशाचा झेंडाही पाठीशी नसताना, इतकी मजल मारली होती.

पण प्रात्यक्षिक म्हणजे पदक नव्हे. कबड्डी आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ व्हायला १९९० उजाडलं. खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीत भरला तो २०२५च्या जानेवारीत.

कबड्डीभोवती खरीखुरी कंपनी उभी राहिली २०१४मध्ये. प्रो कबड्डी लीग ‘मशाल स्पोर्ट्स’नं काढली, तीही टीव्हीच्या जोरावर. मॅट आली, दिवे आले, खेळाडूंचे लिलाव झाले. फळी नसली तरी विकण्याजोगं काहीतरी सापडलं होतं: संध्याकाळचा तासभर. महाराष्ट्राचे दोन संघ त्यात आहेत, एक मुंबईचा आणि एक पुण्याचा. विदर्भाचा नाही. वऱ्हाडी माणसाला याचं नवल वाटत नाही. कापूस इथला, गिरण्या मुंबईच्या, हे तो आजोबांच्या तोंडून ऐकत आलाय.